कोथिंबिरीखालचा डबा

कच्चं अंडं फोडलं की त्या वासासरशी मला हैदराबादेतलं तारनाक्याचं मोमोचं दुकान आठवतं. तिथे मी कच्च्या अंड्यात तेल घालून मेयोनीज घोटायची. एकदा मालकाने उरलेलं शिळं मेयोनीज वाढलं, एक पोरगी ओकली, तेव्हा त्याने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माझं मनगट धरून वर केलं. "ये बाई हाथां ही नहीं धोती!" पुढे सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. मालक तरीही माझ्याकडून ते करवून घ्यायचा आणि डबा फ्रिजमध्ये कोथिंबिरीखाली दडवायचा. एका दुपारी तपासणीचे साहेब आले. "अपने पास नै साब, कब का बंद कर दिये," असं म्हणून तो माझ्याकडे वळला, "मौसी, साब को ठंडा पानी देव." मी फ्रिज सताड उघडला, बाटली काढली आणि मग कोथिंबिरीच्या जुड्या एकेक करून ओट्यावर ठेवल्या. "डब्बे में क्या है?" साहेबांनी विचारलं. मालक माझ्याकडे बघतच राहिला. मी नळाखाली हात धुतले, सावकाश, त्याला दिसतील असे. दुकानाला टाळं लागलं, माझंही काम गेलं. आज घरी अंडं फोडल्यावर हात धुताना त्याचं ते तोंड आठवतं, आणि मी नळ जरा जास्तच वेळ चालू ठेवते.