बाजूला काढलेला निखारा

आमच्या ख्रिस्ती मंडळीत आग फार स्वस्त आहे. गाण्यात आग, प्रार्थनेत आग, टी-शर्टवर आग. संजीवन सभेच्या फ्लेक्सवर तर पाळकसाहेबांच्या खांद्यामागून अशा ज्वाळा उठल्या होत्या की रिक्षावाले विचारायचे, पिक्चर कधी लागतोय? तरुण संघाची पत्रकं मी लिहिते. ‘पेटते राहा’ हा मथळाही माझाच. म्हणजे हे मी बाहेरून बोलत नाहीये.

त्या सभेत पाळकसाहेबांनी त्यांचा नेहमीचा दाखला दिला. शेगडीतला निखारा चिमट्यानं बाजूला काढून ठेवा, थोड्या वेळात काळा पडतो. म्हणून एकटे राहू नका, मंडळीला धरून राहा. ‘हालेलुया’ झालं. मग साक्षीची, म्हणजे आपापला अनुभव सांगायची वेळ आली आणि माझी मावशी उभी राहिली.

मावशी फुलंब्रीच्या अलीकडं एका खेड्यात एकटी राहते. काका गेल्यावरही तिनं दर गुरुवारची घरातली प्रार्थना मोडली नव्हती. आसपासच्या वस्त्यांवरून चार घरची माणसं यायची, गाणी म्हणायची, चहा पिऊन जायची. मग एक दिवस गावातली काही पोरं दारात आली. “मावशी, तुमचा देव तुम्ही पुजा. माणसं गोळा केली तर मग बघा.” त्यानंतरच्या गुरुवारी कुणी आलं नाही. पुढच्याही नाही.

सभेत तिनं माईक घेतलाच नाही. जागेवरूनच म्हणाली, “साहेब, तो बाजूला काढलेला निखारा म्हंजे मीच की. ह्या गुरुवारी तुम्ही समदे माझ्याकडं या. एवढी माणसं बघितल्यावर माझी माणसं बी भिणार नायत. नाय आलात तर प्रार्थना बंदच पडंल.”

“आमेन!” पाळकसाहेब म्हणाले. “आपल्या या बहिणीसाठी सगळ्यांनी प्रार्थना करू या.” सगळा हॉल डोळे मिटून मोठ्यानं ओरडायला लागला. मावशी माझ्या कानाशी आली. “अगं, मी या म्हणले. ह्यांनी तर डोळेच मिटले.”

सभेनंतर मी एकेकाला गाठलं. कुणाची ड्युटी होती. कुणी म्हणालं, आपण गेलो तर उलट तिलाच त्रास. एकजण तर म्हणाला, देवानं अजून माझ्या मनात घातलेलं नाही. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. “बेटा, शहाणपण हेही आत्म्याचंच दान आहे. आम्ही इथून जोर लावतो.”

भीती मला कळते. मलाही वाटत होती. ज्यांचं दुकान आहे, पोरं शाळेत आहेत, त्यांनी भ्यावंच. पण मग सरळ ‘भीती वाटते’ म्हणा ना! भीतीला शहाणपण म्हणायचं आणि पुढच्या रविवारी पुन्हा ‘आग पाठव’ म्हणून हात वर करायचे, हे कसलं? बायबलात येशूच्या शिष्यांवर उतरलेली ती आत्म्याची आगही घरात बसलेल्या माणसांवरच उतरली होती. पण नंतर ती माणसं चारचौघांत उभी राहून बोलली. आमची आग एसी हॉलमध्ये उतरते आणि बिर्याणीच्या पाकिटाबरोबर घरी जाते.

गुरुवारी मी शहराच्या टोकाला हर्सूलहून काळी-पिवळी जीप पकडून गेले. मावशीनं अंगणात तीन दगडांची चूल मांडली होती. शेजारच्या बौद्ध बाईकडून मोठं पातेलं आणलं होतं, सतरंज्या अंथरल्या होत्या. समोर टपरीजवळ तीच पोरं मोटारसायकलींवर बसली होती. रस्त्यावर जीप वाजली की मावशी उठून उभी राहायची. चहा आटला. तिनं पाणी घातलं, लाकूड सारलं. पुन्हा आटला.

उन्हं कलल्यावर शेजारीण पातेलं न्यायला आली. “आले नायत व्हय पाव्हणे?”

“गाडी मिळाली नसंल,” मावशी म्हणाली.

शेजारणीनं रिकाम्या सतरंज्यांकडं बघितलं आणि खाली बसली. “मला तुमचं गाणं येत नाय बरं का.”

“आमाला तरी कुठं सूर हाय.”

आम्ही हळू आवाजात सुरू केलं. समोरून एकजण ओरडला, “मावशी, आवाज येईना!” सगळे खिदळले. मावशी कडव्याच्या मध्येच थांबली. मी पुढं ओढत राहिले, पण तिनं काही पुन्हा तोंड उघडलं नाही.

तिघींनी एकेक कप घेतला. उरलेला चहा मावशीनं पातेलं तिरकं करून चुलीत ओतला. चर्रर्र झालं. राखेचा लोट अंगावर आला.

“आता गुरुवारचं येत जाऊ नको, पोरी.”

“त्या पोरांना भिऊन बंद करायचं?”

“त्यांना कोण भितंय?” ती सतरंजी गुंडाळत म्हणाली. “ते तरी आले की.”

रविवारी पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. मावशीची साक्ष नव्या पत्रकात घ्यायची होती. “मथळा दे, ‘खेड्यातली ज्वाला’. फोटो पाहिजे चांगला.”

मी मावशीला फोन लावला. पाळकसाहेबांचं म्हणणं सांगितलं. ती म्हणाली, “लिही की. बोलावलं, कुणी आलं नाय, प्रार्थना बंद झाली. येवढंच लिही. ज्वाळा-बिळा नको काढू.”

मी तेवढंच लिहून दिलं. पत्रक छापून आलं तेव्हा त्या जागी पुढच्या सभेची जाहिरात होती, ज्वाळांसकट.