आमच्या साडूंची सिस्टीम

देवाने हे जग निविदा न काढता बांधायला घेतलं, म्हणूनच त्यात एवढ्या त्रुटी राहिल्या, असं ठाम मत असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका सासुरवाडीने माझ्या गळ्यात घातला. आमचे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळ पेडगावचे, राहायला परभणीत, आणि धंदा सरकारी ठेकेदारीचा. मोठ्या ठेकेदारीचा नव्हे हो. मोठा ठेकेदार ज्याला काम देतो, तो पुढे ज्याला देतो, आणि तोही ज्याच्या अंगावर ढकलून मोकळा होतो, ते आमचे साडू. शाळेच्या भिंती, दवाखान्याच्या पन्हाळी, कचेरीतले पंखे, असली कामं करता करता टेंडर त्यांच्या अंगात इतकं मुरलं की घरात वांगी आणायची तरी तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय पिशवी उचलायचे नाहीत. सासूबाईंनी एकदा हौसेने पुरणपोळी वाढली तर हे खाऊन म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या पात्र." सासूबाईंना ती शिवी वाटली. दिवसभर बोलल्या नाहीत.

एकदा पिंगळीला मी त्यांच्यासोबत शेळी घ्यायला गेलो होतो. जाऊ नये ते गेलो. शेळीवाले मामा साधे, मेंढरं-शेळ्या राखून केस पिकलेले. साडू त्यांना म्हणाले, "आधी तांत्रिक लिफाफा उघडू. दात, खुरं, कास. त्यात पास झाली तरच भावाचा लिफाफा." मामांनी मुकाट्याने शेळीचं तोंड उघडून दाखवलं आणि दाखवता दाखवता भाव सांगून टाकला. झालं! साडू भडकले. "भाव आत्ताच कशाला फोडला? प्रक्रिया बाद!" म्हणाले आणि तरातरा चालू लागले. शेळी लय चांगली होती. मामा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "पाव्हणं डोक्यानं बरे हायेत न्हवं?"

तर अशा या माणसाला एक काम लागलं. 'अमली पदार्थविरोधी देखरेख व नियंत्रण प्रणाली.' नाव एवढं लांबलचक की साडू ते फोनवर पुरतं म्हणायचे, सत्यनारायणाच्या पूजेत संकल्प सोडावा तसं. जिल्ह्यात गांजा, नशेच्या गोळ्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या कुठून येतात नि कुणाच्या हातात जातात, ते फाट्या-फाट्यावरच्या कॅमेऱ्यांनी टिपायचं आणि परभणीत पोलिसांच्या एका थंडगार खोलीत भिंतभर पडद्यावर बघायचं, अशी ती योजना. काम मिळालं होतं लांबच्या कुठल्याशा बड्या कंपनीला. ते हात बदलत बदलत साडूंपर्यंत आलं तेव्हा त्यात खड्डे खणणं, खांब रोवणं, कॅमेरे चढवणं आणि वायरी ओढणं एवढंच उरलं होतं. पण साडू सांगत सुटले, "साडूभाऊ, आख्खी सिस्टीम आपल्याकडं हाय."

मी हसलो असतो. हसलो नाही, कारण त्यांनी हे काम का घेतलं ते मला ठाऊक होतं. त्यांचा एकुलता एक पोरगा, गोपाळ, गोळ्यांच्या नादी लागला होता. कॉलेज सुटलं होतं. दिवसदिवस घरी यायचा नाही, आला तर भिंतीकडे तोंड करून पडायचा. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, ताट वाढून बसायची आणि ताट झाकून उठायची. साडूंचा हिशोब सरळ होता. "सिस्टीम चालू झाली की माल बंद. माल बंद झाला की पोरगं घरी." मी म्हणालो, अहो, आधी पोराला डॉक्टरला दाखवा. तर म्हणाले, "डॉक्टर काय करंल? इकडं औषध द्यायचं नि तिकडं फाट्यावर माल इकायलाच लागलेत. मुळावर घाव घालायचा." शेळीचे दात तपासणारा हा माणूस पोटच्या पोराच्या बाबतीत मात्र सरकारी प्रणालीची वाट बघत बसला. मला त्यांचा असा राग यायचा!

खांब मात्र त्यांनी जीव लावून रोवले. उन्हातान्हात स्वतः उभं राहून. खांब उभा झाला की त्याला थोपटायचे. कॅमेरा बसवला की त्याच्याखालून जाताना सदऱ्याची वरची गुंडी लावायचे, केसांवरून हात फिरवायचे. "अहो, बंद आहे तो," मी म्हणायचो. "आज बंद हाय. चालू झाल्यावर सवय असलेली बरी," हे त्यांचं उत्तर. पेडगाव फाट्यावरच्या खांबाला बायकांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. साडूंनी तो प्रसाद अक्काला नेऊन दिला. अक्काने तो गोपाळच्या उशाखाली ठेवला.

सगळं तयार झालं. आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे, फीत कापल्याशिवाय सरकारी वस्तू सुरू व्हायची नाही. नळाला पाणी आलेलं असलं तरी पाहुणा येईपर्यंत तोटी बांधून ठेवायची. उद्घाटनाला मोठा पाहुणा हवा होता आणि पाहुण्याची तारीख मिळत नव्हती. भिंतभर पडदे प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले. साडू रोज कचेरीत जाऊन बसायचे. तिथल्या साहेबांशी झालेलं बोलणं त्यांनीच मला सांगितलं, तेही कौतुकाने.

"साहेब, नुसतं बटन दाबायचंय."

"अहो, ते आपणच दाबलं तर पाहुण्यांना दाबायला काय उरेल?"

साडूंना हे पटलं! पटायचं काय होतं त्यात? उन्हाळा गेला, सोयाबीन निघालं, तरी प्लास्टिक निघेना. इकडे गोपाळने घरातला मिक्सर विकला, देवघरातली समई विकली. एका दुपारी तो दारात आला आणि आईला म्हणाला, "काकू, पाणी देता का?" जन्म दिलेल्या बाईला काकू! अक्काने फोनवर ते माझ्या बायकोला सांगितलं. मी तडक परभणी गाठली आणि साडूंना नाही नाही ते बोललो. "किल्ली तुमच्याकडे, बटण तुमच्यासमोर! दाबा की एकदाचं! दोन पोलीस उभे करा शेजारी आणि बघा कोण माल विकतंय तुमच्या पोराला!" साडू खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "वर्कऑर्डरमधी न्हाई ते, साडूभाऊ. उद्या म्हणतील, ठेकेदारानं सरकारी मालमत्तेला हात लावला. काम बाद होईल. काम बाद झालं तर सिस्टीम कोण चालू करणार? आन् मग पोरगं कसं येणार?" मी चहा न घेता उठलो.

अखेर तारीख मिळाली. मला मानवतहून खास बोलावलं होतं. मांडव, हारतुरे, माईकवाला, सगळं यथासांग. साडू नव्या सदऱ्यात, पण व्यासपीठावर नाही. मागे, स्विचबोर्डाजवळ, खिशात टेस्टर. पाहुण्यांनी फीत कापली, बटण दाबलं, भिंत उजळली. टाळ्या! एकेक फाटा दिसायला लागला. बैलगाडी, टमटम, कापसाचा ट्रॅक्टर. लोक लहान लेकरांसारखे हरखून गेले. मग पेडगाव फाटा आला. मधोमध एक भलामोठा फ्लेक्स. कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस होऊन गेला होता, पण शुभेच्छा खांबालाच टांगलेल्या होत्या. अर्धं चित्र त्या फ्लेक्सच्या पाठीनेच व्यापलेलं. उरलेल्या अर्ध्यात एक पोरगा उभा. फ्लेक्सआडून एक हात आला, पोराच्या हातात गोळ्यांचं पाकीट पडलं. पोराने ते तिथेच फाडलं आणि तोंड वर केलं. पडद्यावर त्याच्या तोंडाभोवती लाल चौकोन उमटला.

पुन्हा टाळ्या! पहिल्याच झटक्यात सापडला म्हणून व्यासपीठ खूश. पाहुणे म्हणाले, "वा! कोण आहे हा?"

कुणाला माहीत असणार? मला माहीत होतं. मागून आवाज आला, अगदी कचेरीत बोलतात तसा नम्र.

"साहेब, ते माझं पोरगं हाय."

टाळ्या थांबल्या. साडू दोन खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आले. हात जोडलेले. "त्याला धरा, साहेब, माझी ना न्हाई. पण देणारा त्या फ्लेक्सच्या मागं हाय. अजून तिथंच हाय, बघा, चपला दिसायल्यात. तेवढा फ्लेक्स काढायला सांगा. आत्ता सांगा." व्यासपीठावर कुणी हललं नाही, कारण ज्यांचा वाढदिवस झाला होता ते पाहुण्यांच्या उजव्या हाताला बसले होते. फ्लेक्सच्या पुढच्या बाजूला त्यांचाच हसरा फोटो होता. त्यांनी घड्याळ बघितलं. माईकवाल्याने राष्ट्रगीताची सूचना केली. राष्ट्रगीत होईपर्यंत पडद्यावरच्या चपला निघून गेल्या. साडू हात सरळ करून उभे होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तेवढ्यापुरता का होईना, मी त्यांच्यावर रागावायचा थांबलो.

गोपाळला पोलिसांनी उचललं. साडूंचं तोंड बघून म्हणा किंवा लाज वाटून म्हणा, गुन्हा दाखल न करता त्याला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. अक्का चार दिवस तरी शांत झोपली असेल. मग केंद्रातून फोन आला की पोरगा भिंत ओलांडून गेला. कुठे गेला, कुणासोबत गेला, काही पत्ता नाही. नांदेड झालं, जालना झालं, रेल्वे स्टेशनं पालथी घातली. न्हाई म्हणजे न्हाईच.

सिस्टीमच्या देखभालीचं काम घ्यायला कुणी तयार नव्हतं. ते साडूंनी घेतलं. अटी वाचल्या नाहीत, आकडा विचारला नाही, जिथे सांगितलं तिथे सही केली. ज्याने उभ्या आयुष्यात वांगीसुद्धा अशी घेतली नव्हती! आता रोज सकाळी ते त्या थंडगार खोलीत जाऊन बसतात. पोलिसांनी त्यांना एक खुर्ची दिली आहे, त्यांचा चहा सांगतात, आणि त्यांना काही विचारत नाहीत. ते गांजा बघत नाहीत, गोळ्या बघत नाहीत. माणसांची चाल बघतात. "तोंड न दिसू दे," ते मला म्हणाले, "चालीवरून वळखीन मी त्याला. डावा पाय जरा वढत चालतो."

एकेक कॅमेरा मरायला लागला आहे. कुठे वायर तुटली, कुठे सुटा भाग मिळत नाही, कुठे वरून मंजुरी नाही. पडद्याचा एखादा चौकोन काळा झाला की साडू त्या गावातल्या सोयऱ्याधायऱ्यांना फोन लावतात. गेल्या आठवड्यात माझी पाळी आली.

"साडूभाऊ, मानवतच्या स्टँडचा बंद पडलाय. सामान यायला टाइम लागतोय. तुमी जरा जाऊन थांबता का तिथं? लय न्हाई, परभणीची गाडी येऊन जास्तोवर."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि गेलो. गाडी आली. म्हातारी माणसं, कॉलेजच्या पोरी, गाठोडी, एक कोंबडी. मी उतरणाऱ्या एकेकाच्या पायांकडे बघत होतो. दुकानदार माणूस मी, माणसं तोंडावरून ओळखायची सवय. गाडी रिकामी झाली तसा फोन वाजला.

"हाय का?"

"न्हाई, साडू. ह्या गाडीला न्हाई."

फोनवर मागे कुणीतरी चहाचे पेले गोळा करताना ऐकू येत होतं.

"बरं," ते म्हणाले. "फुडची कवा हाय?"

विचारून सांगतो म्हणालो आणि मी चौकशीच्या खिडकीकडे निघालो.