घरचा फोन

सौंसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या बसमध्ये ती बाई माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशीची असेल, मांडीवर संत्र्यांची पिशवी. बस गावाबाहेर पडली तसा ड्रायव्हर एका हाताने फोन कानाला लावून बोलू लागला. बाईने पिशवी माझ्याकडे दिली आणि सीटचे दांडे धरत ती थेट त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"भाऊ, गाडी बाजूले लावा, मंग बोला."

"दोन मिनिटं, बाई. घरचा फोन आहे."

"उशीर होऊन राहिला, बसा ना बाई!" मागून कुणीतरी ओरडलं. ती हलली नाही.

"गाडी चालवताना माह्या नवऱ्याच्या कानालेबी असाच फोन होता, भाऊ," ती म्हणाली. "घरून मीच बोलून राहिली होती. त्याइचं शेवटचं ओरडनं म्या फोनवर आयकलं."

ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, बोलणं संपवलं आणि फोन खिशात घातला. मगच ती जागेवर आली. पिशवी परत मांडीवर घेतली.

तिचं नाव मी विचारलं नाही. पण आता कुणालाही फोन लावला की आधी विचारतो, "गाडी चालवून राहिला का?" हो म्हटलं, की लगेच ठेवून देतो.