दोन गाण्यांच्या मधे

संशय घ्यायला मी आईकडून शिकले. आमचा मळा नाशिकच्या कडेला. गुलाब, शेवंती आणि हंगामाची भाजी. बाजारात आई वाटे मांडून बसली की तिचं तोंड गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं आणि डोळे त्याच्या हातावर असायचे. मेथीची एक जुडी उचलताना दुसरीतल्या चार काड्या कोण ओढून घेतो, हे तिला न बघताही कळायचं. ‘माणसाच्या तोंडाकडं नको बघू, हाताकडं बघ,’ असं ती मला सांगे. म्हणून दोन हजार सालानंतर कधीतरी माझ्या धाकट्या भावानं घरात कॉम्प्युटर आणला आणि “ताई, आता आपल्या घरातलं सगळं एका जागी आणतो,” असं जाहीर केलं, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं बघितलंच नाही. त्याचा हात माउसवर होता आणि तो माउस भलताच घाईत होता.

“सगळं म्हणजे काय काय?” मी विचारलं.

“सगळं म्हणजे सगळं. फोटो, गाणी, कॅसेटी.”

त्यानं कुठलासा प्रोग्रॅम टाकला होता. कॉम्प्युटरच्या पोटात जिथं जिथं फोटो किंवा व्हिडिओ असेल, तिथून तो म्हणे स्वतःच हुडकून आणतो, वर्षांप्रमाणे लावतो आणि रिकाम्या वेळी एकामागून एक पडद्यावर दाखवत बसतो. लहान पोरालाही जमेल इतकं सोपं, असं भाऊ कौतुकानं सांगत होता. मला त्यात कौतुकाचं काही दिसलं नाही. न विचारता हुडकणाऱ्या आणि न सांगता चारचौघांत दाखवणाऱ्या दोन बायका आमच्या गल्लीत होत्याच. तिसरी घरात कशाला?

त्यात त्या प्रोग्रॅमची अक्कल मी पहिल्याच दिवशी पाहिली. जुने फोटो भावानं दुकानातून स्कॅन करून आणले, त्यांच्यावर स्कॅनची तारीख बसली. त्यामुळे मी शाळेत असताना वारलेले आजोबा आणि भावाचं नुकतं जन्मलेलं बाळ एकाच महिन्यात येऊन बसले. भाऊ म्हणाला, किरकोळ चूक आहे. ज्याला मेलेला आणि जन्मलेला कळत नाही त्याच्या हाती घर सोपवायचं, हे मला किरकोळ वाटलं नाही.

पण माझी खरी भीती वेगळी होती. माझं लग्न दोनदा झालं आहे. पहिलं नव्वदच्या दशकात, सटाण्याकडच्या घरात. मुलगा शिकलेला, कांद्याचा व्यापार, नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त त्याचं मन दुसरीकडे होतं, आणि हे त्याच्या घरच्यांना ठाऊक होतं. तो मला मारत नव्हता, बोलत नव्हता, बघतही नव्हता. वर्षभरात मी परत आले. लग्न जमवणारा मध्यस्थ आमच्या ओट्यावर बसून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता, “पोऱ्या ते चांगला शे. पोरलेच नांदता उनं नही.” मलाच नांदता आलं नाही, हे मग सगळ्यांनी पाठ करून ठेवलं. वडिलांनी गुलाब छाटायची कात्री घेतली आणि लग्नाच्या अल्बममधून तो माणूस कापून काढला. मला वाटलं, हा राग माझ्यावरच निघतोय. आई चुलीपुढं बसून राहिली, आणि नंतर दोन वर्षांत गेली. जाईपर्यंत एकदाही म्हणाली नाही की बाई, चूक तुझी नव्हती. हाताकडं बघ म्हणून शिकवणाऱ्या बाईला त्या मुलाचं काहीच कसं कळलं नाही, हा माझा तिच्यावरचा राग होता. तो मी तिच्यामागं बरीच वर्षं सांभाळला.

त्या लग्नाची व्हिडिओ कॅसेटही होती. ती बंबात घातली, असं वडील म्हणाले. माझं नाक तिखट आहे. त्या दिवशी बंबातून प्लास्टिक जळाल्याचा वास आला नव्हता.

दुसरं लग्न पिंपळगाव बसवंतला झालं. आमचे हे बिजवर. द्राक्षांच्या पॅकिंगचं काम, दोन टेम्पो. यांच्या पहिल्या बायकोचा फोटो बैठकीत भिंतीवर आहे आणि त्याला हार मीच घालते, तोही माहेरच्या शेवंतीचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही, बिचारी बाळंतपणात गेली. पण हार घालताना कधी कधी मनात यायचंच. यांची पहिली भिंतीवर आणि माझा पहिला कात्रीखाली. यांना सगळं ठाऊक होतं, लग्नाआधीच सांगितलं होतं. मात्र ठाऊक असणं वेगळं आणि पडद्यावर बघणं वेगळं. बाशिंग बांधलेला परका माणूस शेजारी आणि मी नटून लाजते आहे, हे नवऱ्यानं चहा पिता पिता बघावं? मांडलेला संसार त्या एका कॅसेटनं नासायला नको, एवढंच मला हवं होतं.

आणि त्याच सुमारास यांचं वागणं बदललं. भावाचा फोन आला की हे बोलायला ओसरीवर जायला लागले. एरवी बागायतदारांशी भांडताना यांचा आवाज हायवेपर्यंत जातो, आणि मेहुण्याशी मात्र कुजबुज. मग एकदा म्हणाले, “नाशिकला, द्वारका चौकात काम आहे,” आणि सकाळचे गेले ते संध्याकाळी आले. टेम्पोचं काम म्हणावं तर दोन्ही टेम्पो दारातच उभे होते. मी विचारलं, काय काम होतं? तर आढ्याकडं बघत म्हणाले, “असंच.” यांना खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायची वेळ आली की आढ्याकडं बघतात.

द्वारकेला कॅसेटींची सीडी करून देणारं दुकान आहे, हे मला भावानंच पूर्वी सांगितलं होतं. दोन आणि दोन चार करायला मला वेळ लागला नाही. कॅसेट जळलेली नव्हती आणि ती माझ्या नवऱ्याच्या हाती लागली होती. बघून त्यांच्या मनात काय आलं असेल, हे मी भाकरी थापताना, भांडी घासताना, सारखं चाचपून बघत होते. हे नेहमीसारखेच जेवत होते. तेच मला जास्त खटकत होतं.

भाऊबीजेला आम्ही नाशिकला गेलो. ओवाळणं झालं, जेवणं झाली. दुपारी सगळे पुढच्या खोलीत बसले, वडील त्यांच्या खुर्चीत, हे सतरंजीवर भिंतीला टेकून. भावानं कॉम्प्युटर लावला. पडद्यावर बाळ आलं, बैल आला, आजोबा आले, आणि मग कापलेले फोटो यायला लागले. माझ्या खांद्याशेजारी भोक आणि भोकाच्या कडेला उरलेला अर्धा फेटा. वडिलांनी नजर खाली घातली. मी उठायला लागले तसा भाऊ म्हणाला, “ताई, बस. तुझ्यासाठीच हाय.”

“बंद कर ते,” मी म्हणाले.

“बस जरा,” हे म्हणाले. यांनी चारचौघांत मला असं कधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी बसले.

फोटो संपले आणि कॅसेट सुरू झाली. सीमांतपूजन होतं. नवरी त्या वेळी आत असते, त्यामुळे मी ते कधी बघितलंच नव्हतं. नवरदेव पाटावर, आई त्याचे पाय धुते आहे, शेजारी मिसरूड न फुटलेला माझा भाऊ तबक धरून उभा. व्हिडिओवाल्यानं सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवलेली, मधेच आईचा चेहरा बदामाच्या आकारात बसवलेला. आई हलत होती. पदर सावरत होती, कुंकू लावत होती. मी तिला किती वर्षांनी हलताना बघितलं. तो माणूस चौकटीत होता, पण माझं त्याच्याकडं लक्षच गेलं नाही. हे मात्र पडद्याकडं बघून म्हणाले, “सरका पाहुणं जरा, आमच्या सासूबाई दिसू द्या.” भाऊ फस्सकन हसला. मला हसू आलं आणि त्याचाच राग आला.

तेवढ्यात गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी व्हिडिओवाल्याकडून थोडी जागा मोकळी राहिली होती. त्या जागेत मांडवातला खरा गलका ऐकू आला आणि त्यात अगदी जवळून आईचा आवाज.

“अवो, त्याचे हात बघा. कवाधरनं मुठी आवळून बसलाय. त्याचं मन नाय हितं.”

आणि वडिलांचा आवाज, “मांडव पडलाय आता. गप ऱ्हा.”

मग दुसरं गाणं सुरू झालं.

भावानं न सांगता तेवढाच तुकडा परत लावला. या वेळी मी बघितलं. त्या माणसाचे दोन्ही हात मांडीवर होते आणि मुठी आवळलेल्या होत्या. वडील खुर्चीत पुढं वाकले होते. “ती बोलली व्हती मला,” ते म्हणाले, “मीच ऐकलं नाय. तिनं कुणालाच सांगायचं नाय, आशी आण मीच तिला घातली व्हती.” कॅसेट त्यांनीच ठेवली होती, गुलाबाच्या खताच्या रिकाम्या डब्यात, कारण तिच्यात आई होती. मी रडले. लोकांसमोर रडायचं नाही हा माझा नेम, तो त्या दिवशी राहिला नाही. सगळ्या गावानं माझ्यावर संशय घेतला होता. माझ्या आईनं मात्र अक्षता पडायच्या आधीच त्याच्यावर घेतला होता.

परतताना आडगावच्या पुढं गर्दी कमी झाली तेव्हा मी यांना विचारलं.

“दुकानात तुम्ही बसला होता?”

“सबंध कॅसेट. दुकानातल्या पोरांनी एकट्यांनी बघू नये म्हणून. तेव्हा ऐकलं.”

“मग घरी येऊन सांगता आलं नाही? महिनाभर मला जाळलंत.”

“मी सांगितलं असतं, की तुझ्या आईनं ओळखलं होतं,” हे म्हणाले, “तर तुझा विश्वास बसला असता?”

मी यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. स्टेअरिंगवर यांचे दोन्ही हात सैल होते.

“नसता बसला,” मी म्हणाले.