लाल चित्र आणि माझं आडनाव

माझ्या त्या लाल तैलचित्राबद्दल कुणी 'वेदना' हा शब्द वापरला की आजही माझं डोकं फिरतं.

सत्तरच्या दशकात मी गोदाघाटाची हुबेहूब चित्रं काढायचो. पुढे त्याचा कंटाळा आला आणि ऐंशीनंतर नाशिक रोडच्या आमच्या दोन खोल्यांत मी पहिलं अमूर्त चित्र रंगवलं. देवळ्याला मामाच्या खळ्यात पसरलेल्या कांद्याचा लाल रंग डोळ्यांसमोर होता. बाकी काही नाही.

प्रदर्शनात एक निवृत्त प्राध्यापक त्या चित्रासमोर थांबले. म्हणाले, "वा, काय प्रसन्न रंग आहे!" मग माझ्याकडे वळून विचारलं, "आडनाव काय आपलं?" मी सांगितलं. त्यावरून आम्ही बौद्ध, हे त्यांनी लगेच ओळखलं. पुन्हा चित्राकडे बघताना त्यांचा चेहरा पडला. "अरेरे, पिढ्यान्‌पिढ्यांचं रक्त आहे हे!"

अहो, मधल्या वेळात मी ब्रशसुद्धा लावला नव्हता!

त्यांनी ते वर्तमानपत्रात लिहिलं. तेव्हापासून जो तो लिहितो की माझा 'वेदनेचा कालखंड' या चित्रापासून सुरू झाला. आमच्या लोकांनी सोसलंय, ते मी कुणाला नाकारू देणार नाही. पण म्हणून मला कधी आनंद होऊच नये?

ते चित्र रंगवताना मी मोठमोठ्यानं गात होतो. शेवटी बायको आतून ओरडली होती, "अहो, पुरे करा ते गाणं, पोरगी झोपलीय!"