मिस्त्रींच्या कानातली शिट्टी

लिफ्ट दुरुस्तीत बावीस वर्षं घालवलेल्या त्या माणसाला सगळे नुसतं 'मिस्त्री' म्हणत. कंपनीतले म्हणत, इमारतींचे वॉचमन म्हणत, आणि बायकोच्या मोबाइलमध्येही त्यांचा नंबर त्याच नावानं होता. मिस्त्रींचं नाव होतं ते कानांमुळे. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये शिरले की हत्यारांची पिशवी खाली ठेवायची, डोळे मिटायचे आणि आधी मोटर ऐकायची. बेअरिंग घासायला लागलं की ते बारीक शिट्टी घालतं. ती इतरांच्या कानावर येईपर्यंत बेअरिंगचे बारा वाजलेले असत. मिस्त्रींना महिनाभर आधी कळायचं.

"याच्या कानांचा विमा काढा रे कुणीतरी," असं उंच्या म्हणायचा. उंच्या म्हणजे त्यांचा कामावरचा जोडीदार. पाच फूट एक इंच उंचीचा, म्हणून उंच्या.

एका मंगळवारी सकाळी एका ऑफिसच्या इमारतीत मिस्त्रींना शिट्टी ऐकू आली. त्यांनी लिफ्ट बंद केली, तेल पाहिलं, बेअरिंग हातानं फिरवून पाहिलं. लोण्यासारखं फिरत होतं. सगळं पुन्हा जोडून मोटर चालू केली, तर शिट्टी होतीच.

"मला तर काहीच ऐकू येत नाही," उंच्या म्हणाला.

"तुला कधी आलंय?" मिस्त्री फणकारले.

दुपारी दुसऱ्या इमारतीत तीच शिट्टी. तिसरीकडे तीच. तिथलीही लिफ्ट त्यांनी बंद पाडली, आणि सातव्या मजल्यावरच्या एक आजी सामानाची पिशवी मांडीवर घेऊन जिन्यातच बसल्या आणि मिस्त्रींच्या नावानं खडे फोडू लागल्या.

संध्याकाळी मिस्त्री घरी आले तेव्हा बायको आणि मुलगी बाहेर गेल्या होत्या. ते खुर्चीत टेकले. फ्रिजची घरघर थांबली, घर शांत झालं, आणि शिट्टी वाजत राहिली. अगदी तीच. मिस्त्री उठले. त्यांनी फ्रिजचं बटण बंद केलं, मग पंखा, मग दाराजवळच्या मीटरपाशी जाऊन मेन स्विचच खाली ओढला. शिट्टी चालूच. त्यांनी दोन्ही तळहात कानांवर दाबले. ती मोठी झाली.

तेव्हा कुठे त्यांना उमगलं. दिवसभर त्यांनी तीन चांगल्या मशीन उघडल्या होत्या, आणि बिघाड त्यांच्याच डोक्यात होता.

बायको आली तर घरात अंधार, आणि नवरा मीटरसमोर खांबासारखा उभा.

"लाइट गेली का हो?"

"हो," मिस्त्री म्हणाले. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, आणि इतकी बिनकामाची थाप त्यांनी आजवर मारली नव्हती.

पुढचे दोन महिने त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. आवाजाचा त्रास होताच, पण भीतीनं त्यांना जास्त पोखरलं. आता खरंच एखादं बेअरिंग ओरडायला लागलं तर ते कळणार कसं? दोन्ही आवाज एकाच सुरातले. एखाद्या लिफ्टला 'ठीक आहे' म्हणून सही केली आणि ती आतल्या माणसांसकट अडकली, घसरली तर? लिफ्टला सुरक्षेच्या चार-चार सोयी असतात, असं ते स्वतःच लोकांना समजावून सांगत. आता तेच समजावणं त्यांना स्वतःला पटेना. तपासलेली मशीन ते दुसऱ्यांदा तपासत, मग तिसऱ्यांदा. एकदा घराच्या दारापर्यंत येऊन ते उलट्या पावली शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले, का, तर ब्रेकचा बोल्ट आवळल्याचं आठवेना. बोल्ट घट्ट होता. रस्त्यानं अँब्युलन्स गेली की त्यांना वाटायचं, आपलीच लिफ्ट.

आणि त्याहून खोलवर दुसरी भीती होती, तिचं नावही ते मनात घेत नसत. ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात त्याला लोक काय म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटी फुटलं ते जेवताना. मुलीनं ताटात चमचा खरवडला, आणि मिस्त्री असे काही ओरडले की पोरीच्या हातातून चमचा गळून पडला. कॉलेजात जाणारी मुलगी, बापाचा चढा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. ती उठून आत गेली. मिस्त्रींनी ताट सरकवलं आणि टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

"डोक्यात शिट्टी वाजतेय," ते म्हणाले. "दोन महिने झाले. थांबतच नाही. मला वेड लागतंय गं."

बायकोनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग खुर्ची ओढून शेजारी बसली.

"हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला? रात्री-अपरात्री रेडिओ लावून बसता, बोलावं तर अंगावर येता. मी इकडे भलभलत्या शंका घेऊन बसलेय! निदान बाई तरी नाही ना कुणी?"

तशा अवस्थेतही मिस्त्रींना हसू आलं. "मला कोण विचारतंय?"

"तेही खरंच," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत उठली. "उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येतेय बरोबर."

डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि ऐकण्याची तपासणी करायला वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथल्या मॅडमनी मिस्त्रींना जाड दाराच्या एका छोट्या खोलीत बसवलं. दार लागलं, बाहेरचं सगळं जग बंद झालं, आणि शिट्टीनं ती खोली काठोकाठ भरली. हेडफोनमधला आवाज कुठला आणि आपला कुठला हे न कळून मिस्त्री घामाघूम झाले. जीव मुठीत धरून त्यांनी ती वीस मिनिटं काढली.

मॅडम पन्नाशीच्या होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी कागद समोर ठेवला. काही गंभीर नाही, म्हणाल्या. वरच्या पट्टीतलं ऐकणं थोडं गेलंय, मशीनच्या आवाजात इतकी वर्षं काढलीत, वयही आहे. कानाकडून जे यायचं ते येत नाही, म्हणून मेंदू स्वतःच तो सूर धरून बसलाय. वेडबिड काही नाही.

"गोळी द्या मग."

"हा आवाज थांबवणारी गोळी नाही."

"म्हणजे हा जन्मभर?"

"राहू शकतो. कमीही होईल. मी खोटं सांगणार नाही." मिस्त्रींचा चेहरा पाहून त्या थांबल्या. "पण त्याची भीती कमी करता येते, ते मी शिकवते. ध्यानाचाच प्रकार आहे. गुरुवारी चार वाजता या."

गुरुवारी शेजारच्या एका मोठ्या खोलीत सहा खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या आणि सहाही माणसं एकमेकांकडे बघायचं टाळत होती. मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा. श्वास येतोय, जातोय, तो नुसता बघा. मिस्त्रींनी ते केलं. मग मॅडम म्हणाल्या, आता लक्ष हळूच त्या आवाजाकडे न्या. त्याला हाकलू नका. नुसता ऐका.

दोन महिने ज्याच्यापासून मिस्त्री पळत होते, त्याच्याकडे तोंड वळवायला सांगितलं होतं. त्यांनी वळवलं. शिट्टी सुईसारखी आत घुसली, वाढली, छाती धडधडायला लागली, श्वास अडकला. आपण इथेच मरणार असं त्यांना वाटलं. ते उठले, खुर्ची आडवी झाली, आणि लिफ्टमध्ये आयुष्य काढलेला हा माणूस चार मजले जिन्यानं धडाधड उतरून शेवटच्या पायरीवर जाऊन बसला.

थोड्या वेळानं मॅडम खाली आल्या आणि एक पायरी सोडून बसल्या.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी खोल पाण्यात ढकललं तुम्हाला."

"वाढला हो तो आवाज. फार वाढला."

"आवाज वाढला, की धडधड?"

मिस्त्रींनी छातीवर हात ठेवून पाहिला.

"बरं, ते राहू दे. तळपायांना काय लागतंय आत्ता?"

"पायरी." ते थांबले. "उजव्या बुटात खडा गेलाय."

"आणि आवाज आहे?"

"आहे."

"म्हणजे आवाजही कळतोय आणि खडाही कळतोय. दोन्ही एकाच वेळी. आजच्यापुरतं एवढं खूप झालं."

त्या दिवसापासून घरी सराव सुरू झाला. स्वयंपाकघरात स्टुलावर, खिडकी उघडी, डोळेही उघडे, पाच मिनिटं. बायको घड्याळ पुढ्यात ठेवून समोर कांदा चिरत बसायची. आधी तळपाय, मग श्वास, मग खिडकीबाहेरच्या गाड्या, सुरीचा आवाज, आणि सगळ्यात शेवटी शिट्टी, तीही क्षणभरच. मन घाबरून पळालं की मनातल्या मनात म्हणायचं, 'ही भीती.' शिट्टी ऐकू आली की म्हणायचं, 'हा आवाज.' दोघांना एकमेकांत मिसळू द्यायचं नाही. सांगायला सोपं. पहिले तीन आठवडे मिस्त्रींना त्यातलं काडीचं जमलं नाही. एकदा तर त्यांनी स्टुलाला लाथ मारली आणि दिवसभर अंगठा सुजवून बसले.

कामावरही सांगा, असं मॅडमनी बजावलं होतं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे त्यांची एकट्यानं तपासणी करायची कामं काढून घेतली. यापुढे कंप मोजायचं यंत्र लावायचं आणि सोबत उंच्या हवाच. मिस्त्रींना ते फार लागलं. बाहेर आल्यावर उंच्या म्हणाला, "तोंड पाडू नकोस. दोघांचे मिळून चार कान, त्यातले दोन तरी धड आहेत."

सरावाच्या चौथ्या महिन्यात एक घटना घडली. अकरा मजली इमारत. मिस्त्री लिफ्टच्या टपावर उभे राहून दोरांची तपासणी करत होते, उंच्या तळघरातल्या पॅनेलपाशी गेला होता. लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मधोमध असताना वीज गेली. टपावरचा दिवा विझला. बॅटरी पिशवीत, आणि पिशवी मशीनरूममध्ये. समोर नुसती भिंत, वरचं दार हाताला लागणार नाही इतकं उंच. खाली सहा मजल्यांचा काळोख. फोनला रेंज नाही.

"उंच्या!" त्यांनी हाक मारली. हाक खाली-वर घुमली आणि विरली.

आणि मग ती शिट्टी आली. इतकी मोठी ती कधीच झाली नव्हती. उडी मारावी, ओरडावं, भिंत खरवडावी असं वाटू लागलं, आणि टपाच्या कडेपासून ते हातभर अंतरावर होते. ते चाचपडत खाली बसले आणि मधला लोखंडी आडवा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. तळपाय, त्यांनी स्वतःला विचारलं. पत्रा. थरथरतोय? नाही, थरथरतोय तो मीच. ही भीती. श्वास घेतला, तो अर्ध्यातच अडकला. पुन्हा घेतला. हा आवाज. ही भीती. खालच्या कुठल्यातरी मजल्यावर कुणाचं तरी बाळ रडत होतं. कुणी बादली सरकवली. हा आवाज. ही भीती. भीती गेली नाही. ती येत होती, छातीवर बसत होती, थोडी सैल होत होती, पुन्हा येत होती. मिस्त्री दांडा धरून बसून राहिले. त्यांना एवढंच कळत होतं की आपण अजून कडेकडे सरकलेलो नाही.

बऱ्याच वेळानं वरून धापा टाकत आवाज आला. "मिस्त्री! आहेस ना रे?"

"आहे!"

"अकरा मजले चढून आलोय, मेलो मी! धरून बस, हातानं फिरवतो!"

उंच्यानं मशीनरूममध्ये ब्रेक सोडून चाक हातानं फिरवलं आणि लिफ्ट इंचाइंचानं वर सरकवली. सातव्या मजल्याचं दार उघडलं तेव्हा मिस्त्रींची बोटं दांड्यावरून सुटता सुटेनात. बाहेर येऊन ते फरशीवर पाय पसरून बसले.

"किती वेळ लागला तुला?"

"पंचवीस मिनिटं. घाबरलास?"

"फार," मिस्त्री म्हणाले. हे त्यांनी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले. टपावर चढताना पाय जड झाले, पण चढले. बॅटरी आता कमरेला बांधलेली असते. शिट्टी गेलेली नाही. काही दिवस ती कामाच्या नादात विसरली जाते, काही दिवस पहाटेच उठवते आणि सगळी जुनी भीती तिच्यामागोमाग येते. गुरुवारी चार वाजता मिस्त्री अजून त्या खोलीत जातात, दाराजवळची खुर्ची धरतात.

परवा जेवायला बसण्याआधी बायकोनं विचारलं, "आहे का आज?"

"आहे."

"जास्त?"

मिस्त्रींनी क्षणभर ऐकलं. "जास्तच आहे. भातावर वरण वाढ."