वहीतला शेवटचा रकाना

मामांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी प्लास्टिकची पट्टी असे. तिला लहानमोठी भोकं. द्राक्षाचा मणी कोणत्या भोकात बसतो, त्यावरून त्याचं माप कळतं. निफाडच्या बागेतच काय, लग्नाच्या पंगतीत बुंदीचा लाडू आला तरी त्यांचा हात आधी खिशाकडे जाई.

दुसरी लाडकी वस्तू म्हणजे फवारणीची वही. तारीख, औषध, मण्याचं माप आणि शेवटच्या रकान्यात सल्ला देणाऱ्याचं नाव. "उद्या बाग गेली तर शिव्या कोणाला घालायच्या, ते लिहिलेलं बरं," असं ते औषधाच्या दुकानदाराला तोंडावर सांगत.

मला नाशिकला ठेवून बीएस्सी केलं ते मामांनीच. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. विषय रसायनशास्त्र, पण मामांच्या मते त्यात ताप, मोटारपंप आणि कोर्टकचेरी सगळं बसत होतं. हळूहळू मलाही तसंच वाटू लागलं.

एका छाटणीनंतर त्यांच्या मांडीत खोलवर गाठ हाताला लागली. ट्रॅक्टरचा मार असेल म्हणत त्यांनी ती पट्टी लावून मोजली. महिन्याने पुन्हा मोजली आणि मला विचारलं, "वाढतीय. शास्त्र काय म्हणतं, भाचेसाहेब?"

"दुखते का?"

"नाय."

"मग काळजी नाही, मामा. चरबीची असेल."

"भुरीची बुरशी तरी वेलीला कुठं दुखती," ते म्हणाले. मी हसलो. त्यांनी पदवीचा मान राखला आणि वही उघडली.

गाठ भोकांत मावेना, तेव्हा मामांनी माझी शाळेतली फुटपट्टी घेतली. दवाखान्यात आले ते माल निघाल्यावरच. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो वाढते का, हा. मामांनी वही पुढे धरली. अंगठा मात्र कडेला घट्ट दाबलेला. न दुखता वाढणारी खोल गाठच आधी दाखवायची असते, डॉक्टर म्हणाले. इतकी चोख नोंद मात्र कुठल्या रुग्णाने आणली नव्हती. स्नायूतला दुर्मीळ कर्करोग होता, फुप्फुसापर्यंत पोचलेला. नोंदीचं कौतुक झालं म्हणून मामा माझ्याकडे बघून हसले.

पुढच्या छाटणीला मामा नव्हते. तू शिकलेला, म्हणत मामींनी वही मला दिली. भुरीच्या फवारण्यांच्या मध्येच गाठीची मापं आहेत, आणि दुसऱ्या मापापासून प्रत्येक ओळीच्या शेवटी, त्यांचा अंगठा होता तिथे, "भाचा, बीएस्सी." त्या रकान्यात बाकीच्यांची नावं घाईघाईत खरडलेली आहेत. माझं तेवढं सुवाच्य अक्षरात आहे.